मी चिनी झालो त्याचं सुतक

आधीच सांगून ठेवतो, चिनी व्हायची मला कधीच हौस नव्हती. मी वालूरच्या शाळेतला साधा मास्तर. पाचवी ते सातवीला भूगोल शिकवायचो, आणि नकाशावर पिवळ्या रंगात दाखवलेला चीन मला तेवढाच पुरेसा होता. पण सरकारी कागदानं एकदा मनावर घेतलं की माणूस चिनीही होतो आणि त्याचा धडधाकट बापही मरतो. माझ्या बाबतीत ही दोन्ही कामं अठ्ठावन्न सालच्या माघात, एकाच आठवड्यात उरकली.

मी अकरा वर्षं हंगामी होतो. हंगामी म्हणजे सरकारला वाटेल तोवर मास्तर. शेतातली ज्वारी हंगामी असते हे समजू शकतं, ती चार महिन्यांत मोकळी होते. मी निजामाच्या राज्यात शेरवानी आणि लाल रुमी टोपी घालून नोकरीला लागलो, तेव्हा हंगामी होतो. पोलीस ॲक्शन झालं, शेरवानी ट्रंकेत गेली, डोक्यावर पांढरी टोपी आली, तरी हंगामीच. मग आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आता डोक्यावर काय घालायचं याचा हुकूम काही आला नाही, पण बन्सीधर मास्तर हंगामी आहेत, हे जुन्या सरकारनं नव्या सरकारला न चुकता कळवलं होतं.

तर संक्रांतीनंतर शाळेत कागद आला. खात्याचे नवे तपासनीस साहेब, पुण्याकडचे, माघात तपासणीला येणार. त्या दिवशी शाळेनं 'देशोदेशीचे पोशाख' या विषयावर जिवंत प्रदर्शन मांडावं. आणि खाली एका ओळीत, जणू सहज आठवलं म्हणून, लिहिलेलं: हंगामी शिक्षकांना कायम करण्याची कागदपत्रं साहेब त्याच दिवशी पाहतील.

आमचे मुख्याध्यापक दिनकरराव. निजामाच्या काळात त्यांना सदर मुदर्रिस म्हणत, आता मुख्याध्यापक म्हणतात, आणि ते दोन्ही हाकांना ओ देतात. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बन्सीधर, तुमी भूगोलवाले. हे तुमचंच काम हाय. आन् तुमचंच नशीब हाय."

माझा स्वभाव असा की काम अंगावर आलं की मला आधी कुतूहल वाटतं आणि भीती नंतर. मला खरंच प्रश्न पडला. माणसाला थंडी वाजते म्हणून तो कपडे घालतो, हे पाचवीच्या पुस्तकात आहे. मग वैशाखात आमचा पाटील दहा वार कापड डोक्याला का गुंडाळतो? कोणत्या देशात कोण काय घालतो, हे सगळं पाठ करून माणूस कळतो का? असे मोठमोठे प्रश्न घेऊन मी शाळेचं कपाट उघडलं. आत 'जगातील लोक' नावाचं एक पुस्तक होतं. वाळवीनं फ्रान्सपासून ब्रह्मदेशापर्यंतचे सगळे लोक खाल्ले होते. वाचले ते पाच. एक अरब, एक स्कॉटलंडचा शिपाई, एक एस्किमो, एक विलायती नवरी आणि एक चिनी गृहस्थ.

अरब सोपा निघाला. गावातले शिंपी रज्जाक मास्टर यांचे मामू हजला जाऊन आले होते, त्यांचा झब्बा घालून मास्टर स्वतःच उभे राहायला तयार झाले. एस्किमोसाठी एका धनगराला दोन घोंगड्यांत शिवायचं ठरलं. स्कॉटलंडच्या शिपायाला चित्रात गुडघ्यापर्यंत घागरा होता. कवायतीचे मास्तर वाल्मीक तालमीतले, मांड्या दाखवायला त्यांची ना नव्हती. त्यांची अट एकच, घागऱ्याला घागरा म्हणायचं नाही.

अडलं ते नवरीपाशी. शेजारच्या धुरपदाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. वालूरात सरकारी दवंडी होती, पण धुरपदाबाई असल्यानं तिची फारशी गरज पडत नसे. मी त्यांना चित्र दाखवलं आणि त्यांची सून उभी राहील का, असं विचारलं.

"ही नवरी?" त्यांनी चित्र डोळ्यांजवळ नेलं. "आन् पांढरं नेसलीय? नवरा मेला का काय मांडवातच?"

"तिकडं लग्नात पांढरंच नेसतात."

"मग नवरा मेल्यावर काय नेसतेत?"

"काळं."

धुरपदाबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या. "काळी चंद्रकळा तर आमी संक्रांतीला हौसंनं नेसताव. म्हंजे आमच्या सणाला त्यांचं मरण, आन् त्यांच्या लग्नाला आमचं?"

"तसंच."

"देवाला कसं कळत असंल वो, कोण रडायलंय आन् कोण नाचायलंय?"

हा प्रश्न मी वहीत लिहून ठेवला. सून मात्र त्यांनी दिली नाही. गावातल्या एकाही बाईनं ते पांढरं अंगाला लावून घेतलं नाही. शेवटी पाटलाच्या रानातलं बुजगावणं आणलं, मडक्याला ओठ रंगवले आणि पांढरं पातळ नेसवून विलायती नवरी उभी केली. तिची कशालाच तक्रार नव्हती.

राहिला चिनी. चित्रातल्या चिनी गृहस्थाचा अंगरखा बंद गळ्याचा, कंबरेपर्यंत. डोकं तुळतुळीत, मागं लांब शेंडी. मिशी नाही. कापडासाठी मी खात्याला रीतसर दरख्वास्त केली, त्याचं उत्तर आलं, 'चीन देशाकरिता या कार्यालयात तरतूद नाही.' मग रज्जाक मास्टरांकडं गेलो. त्यांनी चित्र पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमची वो पुरानी शेरवानी लाओ. गला वैसाच, बटनां वैसेच. नीचे से काट डाले तो चीनी हो जाता."

ज्या शेरवानीत मी नोकरीला लागलो, ज्या शेरवानीत माझा एकमेव फोटो निघाला, ती माझ्या डोळ्यांसमोर कंबरेपाशी कापली. कात्री चालताना मला कसंतरीच झालं. पण आरशात पाहिलं, तर खरंच चीन दिसत होता. कात्रीचं एवढंच अंतर दोन देशांत असेल, असं मला पुस्तकांनी कधी सांगितलं नव्हतं.

अंगरखा झाला, आता डोकं. दिनकरराव म्हणाले, "नुसती टोपी घाला." पण माझं डोकं फिरलं होतं. कायम व्हायचं असेल तर चिनीही पक्का पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं. आता कुणीही म्हणेल, मास्तर, तुम्ही पेडगावच्या कुणब्याचं पोर, आमच्याकडं मिशी कधी उतरवतात हे तुम्हाला माहीत नव्हतं? होतं की. पुरतं माहीत होतं. आमच्याकडं माणूस मिशीला हात लावतो तो एकदाच, बाप गेल्यावर. डोकं भादरायचं, मागं शेंडी ठेवायची, मिशी उतरवायची. पण मला वाटलं, प्रदर्शनाची तयारी अख्ख्या गावाला माहीत आहे. गावाला काय माहीत आहे आणि काय नाही, याचा अंदाज बांधायचं धाडस शिकलेला माणूसच करतो.

पंडित न्हाव्यापुढं बसलो आणि म्हणालो, "डोकं साफ कर. मागं शेंडी राहू दे. मिशी उतरव."

पंडित भारी बोलका माणूस. वस्तरा चालवताना तो तुमची दाढी आणि गावाची अब्रू एकाच हातानं काढायचा. त्या दिवशी त्यानं माझ्याकडं एकवार पाहिलं, डोक्याचा रुमाल सोडून खांद्यावर टाकला आणि गप कामाला लागला. सगळं झाल्यावर मी पैसे पुढं केले, तर हात मागं घेऊन म्हणाला, "आज न्हाई गुरुजी. ह्या कामाचं तेराव्याला बघू." मी घाईत होतो. न्हाव्यानं पैसे नको म्हटल्यावर माणसानं थांबून विचार करावा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

घरी आलो. आमची सुमन चुलीपुढं बसली होती. तिनं मान वर केली, मला पाहिलं, आणि अशी काही किंकाळी फोडली की मांजर उतरंडीवरून खाली पडलं.

"अगं, चिनी!" मी म्हणालो. "चिनी झालोय मी! प्रदर्शनासाठी!"

"सासऱ्याच्या जिवावर उठलाव का तुमी? जित्त्या बापाची मिशी काढली!" आणि ती खरोखरच रडायला लागली. तिच्या सासऱ्यावर, म्हणजे माझ्या वडिलांवर, तिचा माझ्यापेक्षा जास्त जीव. मी तिला समजावून गप्प केलं, पण तोवर भिंतीपलीकडं ते रडणं नीट ऐकू गेलं होतं. तिकडं पंडितानं वस्तरा पुसता पुसता चार माणसांना सांगितलं होतं, इकडं धुरपदाबाईंनी कानांनी ऐकलं. दोन साक्षी पुरल्या.

तासाभरात दारात पिठलं-भाकरी आली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे आणून देतात, ही आमच्याकडची रीत. मागोमाग माणसं आली, खाली मान घालून ओसरीवर बसली. मी बाहेर आलो. माझं भादरलेलं डोकं बघून दोघांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"अहो, माझे आबा जिवंत आहेत!" मी हात जोडून म्हणालो.

"हाव, हाव," धुरपदाबाई मायेनं म्हणाल्या. "असं मानूस मनात जित्तंच ऱ्हातंय."

"मनात नाही, पेडगावात! हरभरा राखतायत!"

"रडून घ्या गुरुजी. छातीत ठिवू नका. आमचे मालक गेले तवा मी बी दोन दिस त्यांच्या वाटंचं ताट करायले व्हते."

मी चिनी अंगरखा आणून दाखवला. म्हातारे एकमेकांकडं पाहायला लागले. एकजण हळूच म्हणाला, "डोक्यावर परिणाम झालाय. लेकराचा लय जीव होता बापावर." मी जितका ओरडून सांगू लागलो तितकं माझं दुःख मोठं दिसायला लागलं. शेवटी मी गप बसलो, तर म्हणाले, "आता शुद्धीवर आला." त्या दिवसांत आम्ही नवरा-बायकोनं जितकी पिठलं-भाकरी खाल्ली, तितकी पुढच्या दहा वर्षांत खाल्ली नसेल. चांगली होती, खोटं कशाला बोलू.

इथवर झालं तेही मी सोसलं असतं. पण दिनकरराव त्या दिवशी सेलूला कामाला गेले होते. तिथल्या बाजारात त्यांना बातमी कळली. माणूस हळवा. त्यांनी तिथल्या तिथं माझ्या नावानं चौदा दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला, कारण 'वडिलांचे निधन', त्यावर 'शिफारस' म्हणून सही ठोकली आणि परभणीच्या मोटारीनं रवाना केला. संध्याकाळी माझ्या गळ्यात पडायला आले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बन्सीधर, घोळ झाला."

"कसला घोळ? अर्ज परत मागवा."

"कागद गेला म्हंजे गेला. आन् तुमी हंगामी. हंगामी मानसाला एवढी रजा नसती. रजा नसताना चौदा दिस गैरहजर, म्हंजे नोकरी तुटली. अकरा वर्षं पुन्ना पहिल्यापासून मोजायची."

 मी रोज शाळेत हजर होतो, फळ्यावर ब्रह्मपुत्रा काढत होतो, आणि कागदावर पेडगावात बापाला अग्नी देत होतो. आम्ही खुलासा पाठवला, वडील हयात आहेत, रजा रद्द करावी. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'वडील हयात असल्यास रजेचे कारण काय ते कळवावे.' आम्ही कळवलं, कारण चीन. त्यावर शेवटचा कागद आला, 'संबंधित शिक्षकाने तपासणीच्या दिवशी वडिलांस साहेबांसमोर समक्ष हजर करावे, अन्यथा मृत्यू गृहीत धरला जाईल.'

तपासणी माघातल्या बारशीला, म्हणजे द्वादशीला, होती. मी पेडगावला कार्ड टाकलं. 'आबास शिरसाष्टांग नमस्कार. तुम्ही जिवंत आहात हे दाखवायला बारशीला वालूरला या. न आल्यास माझी नोकरी जाईल.' आबांना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी कुणाकडून तरी उत्तर लिहवून घेतलं. 'मी जिता हाय. हरभऱ्याला राखण हाय. सवड झाली तर येतो.' ते कार्ड मी रोज काढून वाचायचो, आणि 'तर' या शब्दावर माझा जीव अडकायचा. पुरावा म्हणून ते साहेबांना दाखवावं, असं मी सुचवलं. दिनकरराव म्हणाले, "मेलेला मानूस कार्ड पाठवीत न्हाई, हे खरं. पर खात्यात तसा नियम न्हाई."

बारस उजाडली. शाळेच्या पटांगणात मांडव, मांडवात जग. अरबस्तान पान खात उभं. स्कॉटलंडकडं बघून बायका पदर तोंडात घालून हसायल्या होत्या आणि वाल्मीक मास्तर छाती काढून उभे. एस्किमो दहा वाजल्यापासून पाणी मागत होता. विलायती नवरीच्या डोक्यावर कावळा येऊन बसला, त्याला दोनदा हाकललं. शेवटी मी, अर्धी शेरवानी घातलेला, शेंडीला काळा दोरा बांधून लांब केलेला. डोळे मात्र सारखे सेलूच्या रस्त्याकडं. आबांचा पत्ता नव्हता.

जीप आली. साहेब उतरले. पन्नाशीचे असतील, सडसडीत, पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर काही नाही, ओठावर काही नाही. गावाची कुजबुज एकदम थांबली. मला वाटलं, सरकारी माणसाचा दरारा.

साहेब एकेका देशापुढं थांबत, विचारत, वहीत लिहीत. माझ्यापुढं आले.

"हे?"

"चिनी गृहस्थ, साहेब," दिनकरराव म्हणाले.

साहेबांनी माझी शेंडी निरखली. "अहो, ही शेंडी चीननं केव्हाच सोडली. पंचेचाळीस वर्षं झाली असतील. आता ते आपल्यासारखेच केस ठेवतात."

मी मिशी गमावली, शेरवानी गमावली, जित्त्या बापाचं पिठलं खाल्लं, आणि तो चीन पंचेचाळीस वर्षांपूर्वीच संपला होता! वाळवीनं सगळं पुस्तक खाल्लं, तेवढं एक पान खाल्लं असतं तर तिचं काय बिघडलं असतं?

साहेबांनी फायलीतून कागद काढला. "तुम्हीच का बन्सीधर मास्तर? पण तुम्ही तर रजेवर आहात. वडील वारलेत तुमचे."

"नाही साहेब. हयात आहेत."

"मग कुठं आहेत?"

"येतायत, साहेब."

"किती वेळात?"

काय सांगणार? सवड झाली तर, हे सांगायची सोय नव्हती. तेवढ्यात बैलगाडीचा खडखडाट ऐकू आला. मी आनंदानं वळलो, तर गाडीत माझा मेहुणा, सुमनचा थोरला भाऊ भुजंग, चारठाण्याहून आलेला. सोबत चार बाया. त्यांनी पटांगणात पाय ठेवला आणि रीतीप्रमाणं व्याह्यांच्या नावानं एकदम गळा काढला.

"आवो इवाईऽऽ, कुटं गेलाव वोऽऽ!"

भुजंगच्या हातात पितळी ताट. ताटात कोरा पांढरा पटका. बाप गेल्यावर दिवस झाले की सासरची किंवा मामाकडची माणसं येऊन लेकाच्या डोक्याला नवा पटका बांधतात. तो बांधला की उघडं डोकं झाकतं, माणूस चार लोकांत मोकळा होतो. त्याला दुखवटा म्हणतात. भुजंगला जिंतूरच्या बाजारात बातमी लागली होती.

"आमाला कळवायची बी पद्धत न्हाई का, दाजी?" तो माझ्यावर कडाडला. "सोयरे मेलेत का तुमचे? पर आमी रीत सोडणार न्हाई!"

साहेबांनी शांतपणे वहीत लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'नातेवाइकांचाही दुजोरा.'

 अकरा वर्षं! नाकासमोर चाललो, तीन राज्यांची पोरं शिकवली, आणि शेवटी या चार बायांच्या रडण्यानं नोकरी बुडणार. मी रडू लागलो. खरंखुरं. लाज वाटली, पण आवरेना. धुरपदाबाई म्हणाल्या, "फुटला बांध एकदाचा. लय बरं झालं."

"कामून रडायलास रं?"

पाठीमागून आवाज आला. आबा! खांद्यावर हरभऱ्याच्या डहाळ्यांचं बोचकं, धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं, डोक्यावर त्यांचं ते मळकं लाल पागोटं. रडणाऱ्या बायांचा सूर मधेच तुटला. एकीनं तोंडात पदर कोंबला. भुजंगनं ताट छातीशी धरलं.

"कोन गेलं?" आबांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. शेवटी मीच म्हणालो, "तुम्हीच, आबा."

"हात् तिच्या! म्हंजे पोष्टात लिव्हलं व्हतं ते खरंच?" आबा खो-खो हसले. मग साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "बघून घ्या सायेब. नाडी धरा पायजे तर. वैजीनाथ, पेडगाव."

साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिल्यांदाच हसले. कागदावर आडवी रेघ मारून त्यांनी लिहिलं, 'कारण अस्तित्वात नसल्याने रजा रद्द.' मी कायम झालो की नाही, हे आताच सांगून टाकतो. झालो. चैत्रात हुकूम आला. पण त्या दिवशी गोष्ट तिथं संपली नाही.

कारण भुजंग ताट घेऊन तसाच उभा होता. घामानं निथळत आबांना म्हणाला, "मामा, आता ह्याचं काय करावं? दुखवटा घरातून निघाला म्हंजे माघारी नेता येत न्हाई."

"का नेता येत नाही?" साहेबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात तपासणी नव्हती, माझ्यासारखं कुतूहल होतं.

"माघारी नेला की आपल्या घरात मरण नेल्यावाणी होतंय, सायेब. कुणाच्या तरी डोक्याला लागलाच पायजे. आन् ज्याचा बाप गेला त्याच्याच लागतो."

 आणि मग धुरपदाबाई, ज्या इतका वेळ साहेबांच्या तोंडाकडं टक लावून बसल्या होत्या, त्या पुढं झाल्या. अगदी हळू, दुसऱ्याच्या दुःखाला हात लावताना बोलतात तशा म्हणाल्या, "आन् सायेब, तुमचे वडील कवा गेले?"

 दिनकरराव घाईनं म्हणाले, "अवो बाई, पुण्याकडं फॅशन असती! मिशी बी ठेवीत न्हाईत, टोपी बी घालीत न्हाईत. साहेब, माफ करा, अडाणी मानसं हायती."

 साहेबांनी वही मिटली.

"मिशी मी कॉलेजात असल्यापासूनच काढतो," ते म्हणाले. "पण वडील गेले, ते खरं आहे. गेल्या श्रावणात. मी तेव्हा किनवटकडं दौऱ्यावर होतो. तार चौथ्या दिवशी मिळाली."

"मग तेरावं?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"झालं. दुसऱ्या दिवशी परत हजर झालो. तपासण्या होत्या."

"आन् पटका कुणी बांधला?" आबांनी विचारलं.

"आमच्याकडं आता तसं कुणी करत नाही." साहेब थांबले. "मामाही नाहीत मला."

आबांनी बोचकं खाली ठेवलं. हात धोतराला पुसले. भुजंगच्या ताटातला पटका उचलला, झटकून त्याची घडी मोडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. ताणून धर."

"बसा सायेब," आबा म्हणाले. "मामाच्या जागी मला समजा."

आणि पुण्याकडचे तपासनीस साहेब, ज्यांच्या सहीवर तालुक्यातले सगळे हंगामी मास्तर जगत होते, ते मुकाट्यानं शाळेच्या बाकावर बसले. आबा वेढे द्यायला लागले. आधी कपाळावरून, मग कानांवरून, मग मागं पीळ. रानात औतामागं चालणारे हात, पण कापडाला कुठं सुरकुती पडू देईनात. अरब पान चघळायचा थांबला. साहेबांचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पण ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही. पटांगणात एवढी माणसं होती, कुणी हसलं नाही.

शेवटचा वेढा खोचून झाला. आबांनी साहेबांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "झालं. आता मोकळं झालात."

मी भादरलेलं डोकं घेऊन तिथंच उभा होतो. माझीही नजर त्या पांढऱ्या पटक्यावरून हलत नव्हती. आबांनी माझ्याकडं वळून पाहिलं, आणि बोचक्यातला एक डहाळा उपटून माझ्या हातात कोंबला.

"खा गप. तू काय बघायलास त्याच्याकडं? तुझ्या पटक्याला अजून लय टाइम हाय."